पत्रावरचा शिक्का नीट बघा

निपाणीच्या ७३ वर्षांच्या वाचक ताई लिहितात: लग्न ठरलेला मुलगा आपल्या नौदलाच्या ‘खुकरी’ या लढाऊ बोटीवर होता. शेवटच्या पत्रात (शिक्का २७ नोव्हेंबर १९७१) त्यानं लिहिलेलं, आता बहुतेक गुजरातच्या बाजूला जाऊ. आनंदाच्या भरात मी ते वरच्या भाडेकऱ्याला सांगितलं. डिसेंबरात तो खोली सोडून गेला. हेरच होता, असं सगळी गल्ली म्हणाली. बोट माझ्यामुळं बुडाली. गेल्या वर्षी माझे यजमान वारले, त्यांनाही कधी बोलले नाही. संकेश्वरला त्याची बहीण आहे, माझ्याच वयाची. तिच्यासमोर जायला तोंड नाही.

ताई, भाडेकऱ्याच्या चष्म्यापासून रेडिओपर्यंत सगळं तुम्ही चार पानं भरून लिहिलंत, आणि पोस्टाचा शिक्का तेवढा कंसात टाकलात. मला त्या शिक्क्याशीच काम आहे.

२७ नोव्हेंबरला पाकिस्तानशी उघड लढाई सुरूच झालेली नव्हती. ती ३ डिसेंबरला पेटली. पाकिस्तानची ‘हंगोर’ पाणबुडी त्याआधीच कराचीहून निघून आपल्या किनाऱ्यालगत दबा धरून होती. तिचे रेडिओ संदेश आपल्या नौदलानं पकडले, ती गुजरातलगतच्या दीवच्या आसपास आहे हे त्यावरनं कळलं, आणि तिला गाठून बुडवायला ‘खुकरी’ नि तिच्या जोडीची ‘कृपाण’ ८ डिसेंबरला मुंबईहून निघाल्या. ‘गुजरातच्या बाजूला’ हा त्या पोराचा नुसता अंदाज. हुकूम निघाला तो शिक्क्यानंतर दहा-अकरा दिवसांनी.

‘हंगोर’चं सोनार, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र, लांबचं ऐकायचं, ‘खुकरी’चं तेवढं नाही. ९ तारखेला तिनं दोन्ही बोटी आवाजावरनं ओळखल्या. त्यात ‘खुकरी’वर सोनारच्या सुधारणेची चाचणी चालली होती, म्हणून वेग कमी ठेवलेला, संथ चालणारी बोट टॉर्पेडोच्या, म्हणजे पाण्याखालून सुटणाऱ्या बाँबच्या, तावडीत लवकर येते. रात्री नऊच्या सुमारास पहिला टॉर्पेडो ‘कृपाण’वर सुटला, तो फुटला नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांत बोट गेली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना घेऊन. ह्यात तुमचा भाडेकरू कुठं बसतो, सांगा बघू. असेल हेर, नसेल. मेला असेल एव्हाना.

माझा राग वेगळाच आहे. ५४ वर्षं त्याच्या हातचं अक्षर तुम्ही ट्रंकेत दडवून ठेवलंत. बहिणीकडं काय असणार? सरकारी तार, फार तर एखादा फोटो. ह्याच आठवड्यात संकेश्वरची बस धरा आणि पत्र तिला द्या. रंगीत झेरॉक्स तुमच्याकडं ठेवा, अस्सल तिला. लॅमिनेशन करू नका, कागद परत मोकळा होत नाही. फाटलेल्या घडीवर सेलोटेप नको. त्याचा डिंक पिवळा पडतो आणि शाई खातो. दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेवून खालीवर पुठ्ठा द्या. पत्रात काही लाजायजोगं असेल तर असू दे, तीही सत्तरी ओलांडलेली बाई आहे.

भाडेकऱ्याची कथा तिथं काढायची नाही. माफी मागायला तुम्ही चाललेला नाहीत. आणि तोंड नाही म्हणता ना, मग दारातच आधी पत्र तिच्या हातात द्या.