पोस्टर आधी लागलं, पेटंट नंतर आठवलं

एका संशोधक वाचकाच्या पत्रातले तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत. पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेणारी पूड त्यांच्या गटाने बनवली आहे आणि एका कंपनीने तिच्यात रस दाखवला आहे.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी परिषदेत आम्ही पोस्टर लावलं. पेटंटची संधी गेली का?

युरोपातली बहुधा गेली. तिथे अर्जाच्या तारखेआधी गोपनीयतेचं बंधन नसलेल्या कुणालाही शोध कळला, की तो नवा राहत नाही. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियात मात्र संशोधकाने स्वतः उघड केलेल्या माहितीला 12 महिन्यांची सवलत मिळते. म्हणजे तुमच्या हातात आठ महिने आहेत. जपानमध्ये ही सवलत आपसूक मिळत नाही. अर्जासोबत तसं निवेदन आणि नंतर पुरावा द्यावा लागतो. शिवाय तिथे वर्ष मोजतात ते जपानमधल्या किंवा पीसीटी (अनेक देशांसाठी एकत्र केलेल्या आंतरराष्ट्रीय) अर्जाच्या तारखेपर्यंत. मायदेशात आधी केलेला अर्ज त्यासाठी धरत नाहीत. तेव्हा पीसीटी अर्जही या आठ महिन्यांतच करा.

त्याआधी पोस्टरची फाईल आणि परिषदेची सारांश-पुस्तिका काढून शब्दन्‌शब्द वाचा. फ्लोराइड किती घटलं याचा आलेखच तेवढा असेल, आणि घटकांचं प्रमाण किंवा भाजण्याचं तापमान कुठेच छापलेलं नसेल, तर बनवण्याची कृती अजून नवी ठरू शकते. पोस्टरसमोर उभं राहून तोंडी काय काय सांगितलं, तेही आठवा. तेही धरलं जातं.

अशी चूक मोठ्यांच्याही हातून झाली आहे. कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या जनुक-जोडणीच्या तंत्रावरचा शोधनिबंध 1973 साली छापून आला आणि पेटंटचा अर्ज 1974 मध्ये गेला. अमेरिकेतलं पेटंट मिळालं, बाहेरच्या देशांतले हक्क बुडाले. तरी चारशेहून अधिक परवान्यांतून सुमारे 25 कोटी डॉलर आले, म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही.

अर्जाला नुसता सारांश जोडण्याची घाई नको. पहिल्या अर्जात जे लिहिलेलं नाही, त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. ‘450 अंशांना भाजले’ एवढंच लिहिलंत, तर प्रतिस्पर्धी 400 ला भाजून मोकळा होईल. तापमानाचा पट्टा (किती ते किती अंश) द्या, आणि त्यातल्या निदान तीन-चार तापमानांची आकडेवारी जोडा.

जगभर चालणारं एकच पेटंट नसतं. पीसीटी हा फक्त अर्ज आहे. एरवी पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत तो करायचा, 18 व्या महिन्यानंतर तो प्रसिद्ध होतो, आणि 30 महिन्यांपर्यंत (युरोपीय कार्यालयात 31) देश निवडून तिथली फी आणि भाषांतराचा खर्च भरायचा. फक्त विक्रीचे देश निवडू नका. प्रतिस्पर्ध्याचा कारखाना जिथे असेल तोही घ्या.

प्रश्न : 50 ग्रॅमची पूड उत्तम चालते. कंपनीला 5 किलो हवी आहे. शंभरदा तीच कृती करू का?

तसं केलंत तर कंपनीला हवं असलेलं उत्तर मिळणारच नाही. एका घाण्यात 5 किलो निघते का, हे तिला बघायचं आहे.

पहिला अडथळा भट्टीत येतो. मुशीतला पातळ थर सारखा तापतो. ढीग केला की पूड उष्णता आत जाऊ देत नाही. मधला भाग कच्चा राहतो, कडेचा जास्त भाजून छिद्रं मिटतात आणि शोषणक्षमता पडते. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीपाशी नको, पुडीच्या मधोमध खुपसा. पुढचा अडथळा गाळण्याचा. बारीक साका मोठ्या गाळणीवर चिखलासारखा बसतो, धुणं अपुरं राहतं आणि आत मीठ उरतं.

शिवाय पूड फिल्टरमध्ये भरता येत नाही, दाब फार वाढतो. दाणे करायला बंधक (पूड चिकटवून धरणारा पदार्थ) घातला की तो छिद्रं झाकतो. म्हणून पुडीचे आकडे बाजूला ठेवा आणि दाण्यांचेच मोजा. बीकरमध्ये 24 तास ढवळून आलेला आकडाही कामाचा नाही. फिल्टरमध्ये पाणी काही मिनिटंच टिकतं. चाचणीसाठी दाणे भरलेल्या नळीचा व्यास दाण्याच्या किमान 20 पट ठेवा, नाहीतर पाणी कडेने निसटतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर जाईपर्यंत (जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा) किती पाणी गेलं, ते नोंदवा. पाणी खऱ्या विहिरीचं घ्या. त्यातले बायकार्बोनेट आणि फॉस्फेट जागेसाठी फ्लोराइडशी भांडतात. दाण्यातून ॲल्युमिनियमसारखं काही पाण्यात उतरतं का, हेही तपासा.

कच्चा माल औद्योगिक दर्जाचा, काम करणारा माणूस दुसरा, आणि ओळीने तीन घाणे. एवढं जमलं की कंपनीसमोर बसा.

प्रश्न : कंपनी सर्व हक्क मागते आहे. द्यावेत का?

लगेच नको. आधी सहा ते बारा महिन्यांचा, फी घेऊन केलेला पर्याय-करार (परवाना घ्यायचा की नाही, हे त्या मुदतीत ठरवायची मुभा कंपनीला देणारा) पुरे. पुढे परवाना दिलात तरी क्षेत्र बांधा, उदाहरणार्थ फक्त घरगुती फिल्टर. दरवर्षी किमान रॉयल्टी आणि ठरावीक तारखेपर्यंत उत्पादन सुरू न झाल्यास हक्क परत, ही दोन कलमं सोडू नका. नाहीतर पेटंट कपाटात पडून राहतं. ‘निव्वळ विक्री’ म्हणजे काय, त्यातून कोणत्या वजावटी होतात, हे रॉयल्टीच्या टक्क्यांआधी ठरवा. आणि 5 किलोचा नमुना हातात देण्यापूर्वी त्याचं रासायनिक विश्लेषण करायचं नाही, असं लेखी घ्या.