गाडीचं विचारा : मुलाला आरएक्स-८ला टर्बो बसवायचाय, पैसे पाठवू का?

प्रश्न : मुलगा ऑकलंडला असतो, तिथे त्याने सेकंडहँड माझदा आरएक्स-८ घेतलीय, २००४ची. गेले तीन महिने प्रत्येक फोनला एकच विषय, बाबा खाली पिकअप नाही, टर्बो बसवायचाय, थोडे कमी पडतायत. मी म्हटलं टर्बो तर ट्रकला असतो रे, तर म्हणतो ही रोटरी आहे, तुम्हाला नाही कळणार. मी पंधरा वर्षं मॅटाडोर चालवलीय, अगदीच अडाणी नाही. पण पिस्टन नसलेलं इंजिन ही काय भानगड आहे आणि त्याला टर्बो लावणं शहाणपणाचं आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, पैसे पाठवा, पण टर्बोसाठी नको, आधी कंप्रेशन टेस्टसाठी पाठवा, म्हणजे इंजिन आत दाब नीट धरतंय का ते बघायची तपासणी. एका दुपारचं काम आहे, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ दे मग पुढचं बोलू. असं का म्हणतोय ते सांगायला जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

रोटरीत वर-खाली काहीच होत नाही. एक तिकोनी रोटर असतो, बाजू फुगलेल्या, आपला सराफ्यातला समोसाच म्हणा, तो कमरेत किंचित दबलेल्या अंड्यासारख्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, फिरतो आणि फिरताना त्याच्या तिन्ही बाजूंना वेगवेगळी कामं एकदमच चालू असतात, एकीकडे हवा-पेट्रोल आत येतंय, दुसरीकडे दाबून पेटवलं जातंय, तिसरीकडून धूर बाहेर जातोय. व्हॉल्व नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी. आता १३०८ म्हणजे आपल्या घरगुती गाडीएवढंच की, असं वाटेल, पण वरच्या मॉडेलची रेडलाइन, म्हणजे इंजिन जास्तीत जास्त फिरवायची मर्यादा, मिनिटाला ९००० फेऱ्यांची (आरपीएम) आहे आणि जपानमध्ये त्याची ताकद २५० पीएस (साधारण हॉर्सपॉवरच) सांगत. फक्त ही ताकद सगळी वरच्या आरपीएमला येते, खाली गाडी सुस्तच वाटते, तेव्हा मुलगा पिकअपचं म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे हां.

आता मुद्द्याची गोष्ट. समोशाच्या तिन्ही टोकांवर एकेक बारीक पट्टी बसवलेली असते, तिला एपेक्स सील म्हणतात. पिस्टनला रिंगा तशी रोटरला ही पट्टी. जाडी जेमतेम २ मिमी आणि अख्ख्या इंजिनाचा जीव तिच्यात. माझदाच्या इंजिनिअर लोकांनी साठच्या दशकात हिरोशिमात याच पट्टीपायी रात्री जागवल्या, ती थरथरायची आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडायचे, त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. ते निस्तरल्यावरच १९६७ला त्यांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

टर्बो कसा चालतो ते तुम्हाला माहीत असेलच, धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात कोंबतो. डिझेलला हे छान मानवतं कारण तिथे आधी नुसती हवा दाबतात, डिझेल नंतर शिंपडतात, म्हणजे वेळेआधी पेटायला आत काही नसतंच. पेट्रोलमध्ये मात्र हवेबरोबर पेट्रोलही दाबलं जातं. दाब वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता हाताबाहेर गेली की जे हळूहळू जळायला हवं ते एकदम फुटतं, आपले मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवालं इंजिन थोडं नॉकिंग सोसून घेतं, खडखड ऐकू येते, तुम्ही पाय काढता, विषय संपला. रोटरी तेवढी सवड देत नाही, पट्टीच तुटते. आणि तुटलेला तुकडा काही तिथेच बसून राहत नाही, हाउसिंग ओरबाडत एक्झॉस्टमधून बाहेर निघतो आणि तिथे समोर कोण असतं? तुमच्या मुलाने हौसेने बसवलेल्या टर्बोचा पंखा. एका फटक्यात दोन्ही गेलं.

आता मुलाच्या बाजूने पण बोलतो, नाहीतर म्हणेल काकांनी बाबांना फितवलं. रोटरी आणि टर्बोचं तसं जुनं जमतं. धूर अडवायला व्हॉल्व नसतो, पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं तोंड, उघडलं की गरम धूर जोरात सुटतो आणि टर्बोला तेच हवं असतं. माझदाने स्वतः ८०च्या दशकात टर्बो रोटरी विकल्या, नंतरच्या आरएक्स-७ला तर दोन-दोन टर्बो होते, आधी एक जागा व्हायचा मग दुसरा. पण भिया, ती इंजिनं टर्बो धरूनच बनवलेली होती. दोन टर्बोवाल्या आरएक्स-७चं कंप्रेशन, म्हणजे आत आलेलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९:१, तुमच्या मुलाच्या आरएक्स-८चं १०:१. म्हणजे जे आधीच घट्ट दाबतंय त्यात आणखी कोंबायचं. वर त्याचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटांमध्ये आहेत आणि मधलं पोर्ट दोन्ही रोटरला मिळून एकच, त्यामुळे मधोमध भट्टीच पेटलेली असते. बिनटर्बोचं म्हणून ते फार हुशारीचं डिझाइन आहे, प्रदूषण कमी व्हावं म्हणून तसं केलं, पण टर्बोसाठी कोणी ते काढलेलं नाही.

आणि खर्च! मुलगा तुम्हाला टर्बोची किंमत सांगत असेल. टर्बो हा त्यातला सोपा भाग आहे हो. त्याच्यामागे वेगळा मॅनिफोल्ड (धूर टर्बोकडे नेणारा), इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि त्याचे पाइप, मोठे इंजेक्टर, मोठा फ्युएल पंप, प्रोग्रॅम करता येईल असा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर, थंड प्रकारचे प्लग, जाड क्लच आणि टर्बोला तेलाची नळी, त्यात पण गंमत अशी की तेल टर्बोत जातं प्रेशरने पण परत येतं फक्त उतारावरून, तेव्हा परतीची नळी जराही वर उचलली गेली की तेल तुंबतं आणि टर्बो धूर ओकायला लागतो. हे सगळं झालं की मग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ट्युनिंग आणि ते करणारा रोटरी ओळखणाराच हवा. पिस्टनच्या गाड्या ट्यून करणारा कितीही उस्ताद असला तरी इथे नको, कारण एका रोटरला दोन प्लग असतात, पुढे-मागे पेटतात, टर्बो असताना स्पार्क किती मागे घ्यायचा (म्हणजे किती उशिरा द्यायचा) आणि पेट्रोल किती जास्त पाजायचं याचा हिशेबच वेगळा. लोक बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, हवेच्या ११ भागांना पेट्रोलचा १ भाग एवढं पाजतात, अ‍ॅव्हरेजचं नावच काढू नका. माझं मत विचाराल तर बजेटमधला सगळ्यात मोठा तुकडा ट्युनिंगला ठेवावा आणि त्यासाठी टर्बो थोडा साधा घ्यावा लागला तरी चालेल. मुलं उलट करतात.

आता टेस्ट का म्हणालो. २००४ची गाडी म्हणजे सील आधीच किती झिजलेत ते बाहेरून कळत नाही. साधा गेज लावून उपयोग नाही, एका रोटरला तीन बाजू, साधा गेज त्यातली सगळ्यात चांगली तेवढी दाखवतो आणि बाकी दोन मेल्या असल्या तरी लपतात. रोटरीचा वेगळा टेस्टर असतो, प्रत्येक रोटरचे तीन म्हणजे एकूण सहा आकडे देतो. एखादा जरी आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर टर्बो विसरायचा, ते पैसे इंजिन खोलून नवे सील टाकायला जाणार.

आकडे चांगले आले तरी आधी कॉइल, प्लग आणि वायर नवीन घालून बघू दे. या गाडीच्या कॉइल थकतात हे जगजाहीर आहे, मग पेट्रोल अर्धवट जळून कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जातं, तो चोंदतो, उष्णता आत अडकते आणि गाडी ओढत नाही. तीन महिने चाललेलं पिकअपचं रडगाणं यात निघालं तर मला नवल वाटणार नाही.

एवढं सगळं करूनही हट्ट राहिला तर बूस्ट ६-७ पीएसआयच्या वर नको, पेट्रोल ९८ ऑक्टेनचंच, तिकडे पंपावर मिळतं. न्यूझीलंडमध्ये असा बदल केला की एलव्हीव्ही सर्टिफिकेट (बदल केलेल्या गाडीची तिकडची मंजुरी) लागतं आणि इन्शुरन्सवाल्याला आधी सांगावं लागतं, ते न करता चालवली आणि ठोकली तर खरा खर्च तेव्हा कळेल. आणि तो टर्बोशिवाय रोटरीला अर्थ नाही वगैरे म्हणाला ना, तर त्याला विचारा १९९१ची ले मानची २४ तासांची रेस कोणी जिंकली. माझदाच्या ७८७बीने. चार रोटर, टर्बो एकही नाही.

प्रश्न : वरच्यासारखाच, रोटरी गाड्या इंजिन ऑइल पितात म्हणतात, म्हणजे इंजिन खराबच ना?
— एक वाचक, महू

उत्तर : नाही, ती पितात कारण त्यांना मुद्दाम पाजलं जातं. एपेक्स सीलला वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप थोडं थोडं तेल आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. तेव्हा पेट्रोल भरताना दर एक-दोन वेळा डिपस्टिक बघायचीच. काही हौशी लोक पेट्रोलच्या टाकीतच थोडं टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात, म्हणजे आपण लुनाच्या टाकीत पंपावर टू-टी मारून घ्यायचो ना तेच, फक्त प्रमाण बरंच कमी. टर्बो असलेल्यांनी तर हे करावंच असं माझं मत. आणखी एक, थंड रोटरी चालू करून गेटाबाहेर काढायची आणि लगेच बंद करायची असं कधी करू नका, आत पेट्रोल साचून ओली होते आणि मग चालू व्हायला नाटकं करते.

प्रश्न : माझ्या जुन्या जिप्सीला इथेच टर्बो बसवून घेतला तर चालेल का? एक ओळखीचा मिस्त्री तयार आहे.
— एक वाचक, पिथमपूर

उत्तर : मिस्त्री तयार आहे, मोटार वाहन कायदा नाही. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल करता येत नाही आणि कलम १८२ए मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. तुमच्या गावाजवळच नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक आहे म्हणून हुरूप येत असेल, पण तो गाड्यांच्या टेस्टिंगसाठी आहे, जिप्सी घेऊन गेलात तर गेटावरूनच परत पाठवतील. कार्ब्युरेटर साफ करून घ्या, टायमिंग लावून घ्या, हवेचा फिल्टर बदला. जुन्या जिप्सीत तेवढ्यानेसुद्धा फरक पडतो.