लो-कार्ब आहार चालू असताना उन्हाळ्यातली फळं आणि गोड पूर्ण बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपासून दिवसाला साधारण ५० ग्रॅम कार्बवर (म्हणजे कर्बोदकांवर) आहात, वजन उतरतंय, पण आता घरात आंब्याची पेटी आलीय आणि रोज सगळे आमरसावर ताव मारताना तुम्ही नुसतं बघत बसता. फळं बंदच ठेवायची का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: बंद करू नका, मोजून खा आणि साखरेशिवाय खा.

मी कोल्हापूरची. टाइप २ मधुमेह निघाल्यावर लो-कार्ब सुरू केलं, त्याला हा चौथा उन्हाळा. पहिला उन्हाळा मी एकही फळ न खाता काढला. जूनमध्ये एका लग्नात पंगतीला बसले आणि तीन वाट्या बासुंदी पिऊन उठले. पुढे आठवडाभर घडी बसली नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की थोडं गोड रोजच्या हिशेबात बसवलेलंच बरं.

आधी आमरसाचं गणित बघा. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कार्ब. आमरसाची वाटी दीडशे ग्रॅमची धरली तर २२-२३ ग्रॅम झाले. वर दोन चमचे साखर पडली की तीस पार, पुऱ्या अजून वेगळ्या. आणि वाटी एकच कुणी घेत नाही. तोच आंबा मी फोडी करून खाते. मध्यम हापूस घरच्या वजनकाट्यावर ठेवला तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, साल-कोय काढून गर निघतो दीडशेच्या आत-बाहेर. म्हणजे अर्ध्या आंब्याला १०-११ ग्रॅम. पन्नासात एवढं बसतं, फक्त त्या दिवशी भाकरी किंवा भात नाही. सासूबाई अजूनही म्हणतात, "एवढ्याशानं काय हुतंय? घे की अजून एक फोड." त्यांना नाही म्हणणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, खरं सांगते.

एक युक्ती मात्र आवर्जून करा. हापूसच्या मागे न लागता मे महिन्यात बाजारात येणारे छोटे रायवळ आंबे घ्या. लिंबापेक्षा थोडे मोठे असतात तेच. अख्खा आंबा हातात येतो, मऊ करून चोखायचा, कोय पांढरी होईपर्यंत. दहा मिनिटं जातात आणि गर पोटात जातो जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम. "अर्धाच खाल्ला" ही रुखरुख राहत नाही.

फळ कधी खायचं यानेही फरक पडतो. रिकाम्या पोटी दुपारी चारला खाल्लेला आंबा आणि मटणाच्या जेवणानंतर खाल्लेला तेवढाच आंबा, माझ्या ग्लुकोमीटरवर हे दोन वेगळे आकडे दिसतात. जेवणातली चरबी आणि प्रथिनं आधी पोटात असली की साखर हळू चढते. तुमच्याकडे मीटर असेल तर खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी स्वतःच बघा. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कार्ब कमी करताना डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही करू नका, कारण डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

आता खरं गोड. माझं सगळ्यात लाडकं घरचं आम्रखंड. श्रीखंडात चक्का आणि साखर जवळजवळ बरोबरीने घालायची आपली पद्धत, तिथेच सगळं बिघडतं. म्हशीचं एक लिटर दूध साय न काढता तापवा, कोमट झालं की विरजण लावा. सकाळी दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगा. इथे एक सांभाळा: एप्रिलच्या उकाड्यात दिवसभर बाहेर टांगलेला चक्का आंबट ढाण होतो आणि मग गोडी आणायला साखर मागतो. दोन तास पाणी गळू द्या, नंतर पुरचुंडी चाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन, फ्रीजमध्ये सरकवा. रात्रीपर्यंत घट्ट गोळा तयार. शंभर ग्रॅम चक्का, साठ ग्रॅम आंब्याचा गर, वेलची, चमचाभर दुधात भिजवलेलं केशर आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने आंब्याची गोडी वर येते. पुरणयंत्रातून फिरवलं की रेशमासारखं होतं. एवढ्या वाटीत कार्ब १३-१४ ग्रॅम. पिकलेला आंबा असेल तर वेगळं गोड लागतच नाही. लागलंच तर स्टीव्हियाचे (एका वनस्पतीच्या पानांपासून केलेलं, बिनसाखरेचं गोड) एक-दोन थेंब, जास्त झाले तर कडवट मारतं.

इथे गुळाबद्दल सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे हा सल्ला दर दुसऱ्या घरात मिळतो: साखर नको ना, मग गूळ घाला. कोल्हापूरकर म्हणून लिहिताना जीवावर येतं, पण लो-कार्बच्या हिशेबात गूळ म्हणजे साखरच. खजूर आणि मधही त्याच रांगेतले.

"शुगर फ्री" लिहिलेल्या डब्यांपासूनही जपा. मी एका दुकानातून शुगर फ्री आंबा बर्फी मोठ्या विश्वासाने आणली, दोन वड्या खाल्ल्या, आणि मीटरने आमरसाएवढाच आकडा दाखवला. घरी येऊन डब्यावरची बारीक अक्षरं वाचली तर माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) आणि दूध पावडर. साखर नव्हती हे खरं, पण कार्ब भरपूर होते. एकूण कर्बोदकं किती, तेवढी ओळ वाचायची.

आंब्यापेक्षा हात सैल सोडता येतो तो कलिंगड-खरबुजावर. दोन्हींत १०० ग्रॅमला साधारण ८ ग्रॅम. कलिंगडाच्या फोडी बिया काढून फ्रीजरमध्ये गोठवते, मिक्सरमध्ये लिंबू, पुदिना आणि सैंधव घालून फिरवते. भर दुपारी बर्फाच्या गोळ्याची तहान भागते. गाळून रस मात्र करू नका, ग्लासभर रसात किती फोडी गेल्या हे कळतच नाही.

कोल्हापुरात कॉकटेल म्हटलं की फळं, आईस्क्रीम, जेली, सुकामेवा असा उंच ग्लास डोळ्यांसमोर येतो. रंकाळा तलावावर फेरी झाली की मुलं तेच मागतात. माझ्यासाठी मी घरी करते: खरबुजाच्या फोडी, मार्चमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त झाली की धुऊन, कोरडी करून गोठवून ठेवलेली पाच-सहा, शहाळ्याची मलई, वर गार करून फेटलेली दाट क्रीम आणि बदामाचे काप. स्ट्रॉबेरीतही १०० ग्रॅमला ८ ग्रॅमच्या आत कार्ब. क्रीम फेटण्याआधी भांडंसुद्धा फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात ती फुलतच नाही. हा ग्लास मुलांसमोर बसून खाते, वेगळं पान वाढल्यासारखं वाटत नाही.

केळी, चिकू, द्राक्षं, फणसाचे गरे यांत १०० ग्रॅमला १८ ते २३ ग्रॅम जातात. मी ती सोडलीत.

आणि मे संपता संपता करवंदं-जांभळं येतील. पन्हाळा, राधानगरीकडच्या बायका पाट्या घेऊन बसतात, तिथूनच घ्या. जांभळाने मधुमेह बरा होतो हे कुणी सांगितलं तर त्यावर गोळ्या बंद करू नका, त्यातही आंब्याच्या जवळपास कार्ब असतातच. पण तुरट असल्यामुळे आठ-दहात मन भरतं. जांभळांचा गर काढून चायना ग्रासमध्ये (अगर-अगर, समुद्री शेवाळापासून केलेलं) जेली सुंदर जमते. चायना ग्रास आधी पाण्यात पूर्ण विरघळवून उकळा, गॅस बंद करा, मग गर घाला. आंबट गर सोबत उकळला तर जेली बसत नाही, पाणी सुटतं. वाटीत ओतताना रंग असा गडद जांभळा दिसतो की घरातलं कुणीही ती आधी मागतं, म्हणून तुमची वाटी बाजूला काढून ठेवा.