गुलमर्ग हुकलं तर घरच्या फरशीवर स्कीइंग

आधी पाय तयार करा, बर्फाची सजावट नंतर. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच बोचते, तीच वेळ धरा. भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात वाकवून 30 सेकंद बसा, असं तीनदा. मग गुळगुळीत फरशीवर पायांखाली सुती कापडाच्या घड्या घेऊन पंजे आत, टाचा बाहेर ढकला. स्नोप्लाउ म्हणजे ब्रेक, तो हाच. वजन टाचांवर गेलं की बर्फावर स्कीचा ताबा सुटतो, म्हणून नडगी पुढं झुकलेलीच हवी. खरबरीत शहाबादीवर कापड अडकतं, तिथं नकोच.

लेकरांना बर्फ हवाच असतो: तीन वाट्या खायच्या सोड्यात अर्धी वाटी केसांचं पांढरं कंडिशनर थोडंथोडं मिसळा. एकदम ओतलं तर लगदा होतो. तोंडात मात्र जाऊ देऊ नका.