गाडीला जास्त उजेडाचे एलईडी बल्ब आणि निळी पट्टी लावली तर चालतं का? आणि समोरच्याच्या लाईटने डोळे दिपतात, त्याला काही नियम आहे का?

तुमची गाडी हॅलोजन हेडलाईटची आहे, उजेड कमी पडतो म्हणून बाजारातले एलईडी बल्ब घालायचे आहेत आणि पुढच्या जाळीत निळी पट्टी लावायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. थोडक्यात सांगायचं तर पट्टी चालणार नाही. बल्बही लावू नका. उजेड वाढवायचा कायदेशीर आणि स्वस्त मार्ग आहे, तो खाली दिला आहे.

आधी रंगांचं, कारण ते सोपं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ प्रमाणे गाडीच्या पुढून लाल दिवा दिसता कामा नये आणि मागून लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. नंबरप्लेट उजळणारा पांढरा दिवा, रिव्हर्सचा पांढरा दिवा आणि नारिंगी इंडिकेटर हे नेहमीचे अपवाद. पुढे पांढरा, फॉग लॅम्प असेल तर पिवळाही चालतो. निळा, हिरवा, जांभळा यांना खाजगी गाडीच्या बाहेरच्या बाजूला जागाच नाही, मग ती जाळीतली पट्टी असो, चाकांखालची असो की पार्किंग लाईटमधला निळा बल्ब असो. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा गेले. लाल-निळा-पांढरा लुकलुकणारा दिवा पोलीस, अग्निशमन यांसारख्या आपत्कालीन कामावरच्या गाड्यांसाठी राखीव आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे. मागून निळं लुकलुकताना दिसलं की लोक अजूनही बाजूला होतात. हौसेच्या पट्ट्यांनी ही सवय मोडली तर नुकसान रुग्णवाहिकेतल्या माणसाचं होतं.

आता झगझगाट. नियम १०६ फार नेमका आहे, पण तो कोणी वाचत नाही. दिव्याच्या पुढे ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याचे डोळे दिपता कामा नयेत, इतका झोत कायम खाली वळवलेला हवा, असं तो सांगतो. थोडक्यात, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे. ही चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते. गाडी सपाट जागेवर लावा, लोअर (खाली वळलेला जवळचा झोत) चालू करा, टेपने ८ मीटर मोजा, थोडं वाकून डोळे दीड मीटरवर आणा आणि दिव्याकडे बघा. नजर वळवावीशी वाटली तर तुमच्या गाडीत दोष आहे, बल्ब कितीही महागाचा असो.

लाईट डोळ्यांवर येते ती वॅट जास्त म्हणून कमी, आणि किरण नको तिकडे जातात म्हणून जास्त. बाजारातल्या एलईडी बल्बची अडचण इथेच आहे. एच४ या प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची (लांबच्या झोताची) ६० वॅट आणि लोअरची ५५. लोअरच्या तारेखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या (बल्बमागच्या आरशासारख्या भांड्याच्या) फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तो रस्त्यावर खाली फेकला जातो. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक तारेची जागा धरूनच काढलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी एका पट्टीच्या दोन बाजूंना चिपा असतात आणि मध्ये पट्टीची जाडी येते. प्रकाशाचा उगम मिलिमीटरभर सरकला की झोताची धार (उजेड-अंधाराची सीमा) विस्कटते, थोडा उजेड वर समोरच्याच्या काचेत आणि थोडा गाडीच्या नाकासमोर पडतो. नाकासमोरचा तो पांढरा पट्टा बघून मालकाला वाटतं, काय उजेड पडलाय! प्रत्यक्षात जवळच्या उजेडाला डोळे सरावतात आणि लांबचं आणखी कमी दिसतं. रिफ्लेक्टरमध्ये घातलेल्या एचआयडी (तारेऐवजी वायूतून उजेड देणाऱ्या) बल्बचीही हीच गत. कंपनीतून एलईडी हेडलाईट आलेल्या गाडीत रिफ्लेक्टर-भिंगच त्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे तिच्याशी तुलना करू नका.

निळसर बल्बही टाळा. ओल्या डांबरावर पिवळसर हॅलोजन डोळ्यांना सुसह्य वाटतो. कोकणात पावसाळ्यात रात्री गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

उजेड खरंच कमी पडतोय का, हे या क्रमाने तपासा.

पहिली काच. प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर ती उजेड खाते आणि उरलेला विखुरते. पाणी मारत ८००, १५००, २०००, ३००० नंबरचा पॉलिश पेपर, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही कोटिंग. कोटिंग टाळलं तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.

दुसरं व्होल्टेज, आणि खरी मेख बहुतेकदा इथेच असते. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. इंजिन चालू, लोअर चालू ठेवून मल्टीमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर, स्विच किंवा अर्थिंग व्होल्टेज खातंय. बॉडीला जोडलेला अर्थचा नट काढा, गंज घासा, परत आवळा. तरी फरक राहिला तर रिलेची वायरिंग करून घ्या: बॅटरीपासून फ्यूज, जाड वायर आणि रिले (थोड्या करंटवर चालून जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच), जुना स्विच फक्त रिले चालवायला. मग त्याच ६०/५५ वॅटच्या बल्बचा उजेड बघा. तो खर्च एलईडी जोडीपेक्षा जास्त नसतो आणि कुणाच्या डोळ्यांवर जात नाही. १००/९० किंवा १३०/९० वॅटचे बल्ब मात्र नकोत. १३० वॅटला १२ व्होल्टवर जवळपास ११ अँपियर लागतात, ६० वॅटला ५. मूळ वायरिंगवर ते लावले की होल्डर वितळतो, स्विच जळतो.

तिसरं बल्ब नीट बसलाय का. एच४ च्या कडेला तीन कान असतात, त्यातला रुंद कान सहसा वर. घाईत बल्ब तिरका बसला किंवा स्प्रिंग क्लिप अर्धवट लागली तरी झोत आभाळाकडे जातो.

शेवटी झोताची उंची. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस, डिकी रिकामी, लेव्हलिंगचं चाक (झोत वर-खाली करणारं, डॅशबोर्डजवळचं) शून्यावर. गाडी भिंतीसमोर ५ मीटरवर सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर चिकटपट्टीने दाखवा. लोअरची वरची धार त्या पट्टीच्या ५ सेंटिमीटर खाली हवी, १० मीटरवर असाल तर १० सेंटिमीटर. काही गाड्यांत बॉनेटखाली १.२ टक्के (दर मीटरला १.२ सेंटिमीटर खाली) असा आकडा छापलेला असतो, तो असेल तर तोच पाळा. हेडलाईटच्या मागचा स्क्रू स्टार स्क्रू ड्रायव्हरने थोडा थोडा फिरवा, एक बाजू झाकून दुसरी लावा. धार डावीकडे वर चढलेली दिसली पाहिजे, कारण आपण डावीकडून चालतो आणि तिकडच्या पाट्या, पायी चालणारी माणसं दिसायला हवीत. ती उजवीकडे चढत असेल तर हेडलाईट उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला आहे. ऑनलाईन मागवलेल्या स्वस्त हेडलाईटमध्ये हे तपासाच. असा दिवा कितीही खाली वळवला तरी समोरच्याच्या डोळ्यांतच जातो.

डॅशबोर्डजवळच्या त्या ० ते ३ आकड्यांच्या चाकाला वर्षानुवर्षं हात लागत नाही. मागे तिघं बसले आणि डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ते चाक २ किंवा ३ वर न्यायचं. गावाला निघालेल्या भरलेल्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात ते बरेचदा यामुळेच.

दंड: नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. गाडीत मंजुरीशिवाय बदल केल्याचं कलम १८२अ(४) लावलं तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीच्या पुढे सर्चलाईट, स्पॉटलाईट लावायला नियम १११ ची मनाई आहे. एलईडी बार, म्हणजे सहा-आठ दिव्यांची आडवी पट्टी, हीसुद्धा रस्त्यावर चालू करायची वस्तू नव्हे. दुचाकीचा हेडलाईट दिवसा चालू दिसतो तो मात्र १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत बंदच होत नाही, त्यामुळे हाताने खूण करून सांगायची गरज नाही.

समोरून अप्पर आला तर एकदा डिपर द्या. ऐकलं नाही तर आपणही अप्पर लावून सूड उगवू नका, अरुंद राज्य मार्गावर दोन आंधळे ड्रायव्हर समोरासमोर येतात. वेग कमी करा आणि नजर डावीकडच्या पांढऱ्या रेषेवर ठेवा. मागच्याचा झोत आरशातून येत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी कळ ओढा. विंडस्क्रीन आतूनही पुसा, प्लॅस्टिकच्या वाफेचा तेलकट थर समोरच्या दिव्याभोवती तारे उमटवतो. रात्रीसाठी विकले जाणारे पिवळे चष्मे उजेडच कमी करतात, ते नकोत. आणि हल्ली सगळ्याच गाड्यांचे दिवे बोचतात, दिव्याभोवती वलयं दिसतात असं असेल, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर मोतीबिंदूसाठी डोळे तपासून घ्या.