अमृतसरला दोनच दिवस आहेत. सुवर्णमंदिराशिवाय आसपासची कोणती शीख स्थळं पाहावीत?

हरमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, पहाटे किंवा रात्री करा आणि दिवस बाहेरगावांना द्या. बहुतेक जण नेमकं उलट करतात. दुपार दर्शनाच्या रांगेत, संध्याकाळ अटारी सीमेवरच्या सोहळ्यात, आणि बियास-रावी या नद्यांमधला ‘माझा’ नावाचा प्रदेश राहूनच जातो.

पहिल्या दिवशी गाडी ठरवून तरनतारन, खडूर साहिब, गोइंदवाल अशी शंभरेक किमीची फेरी करा. तरनतारन सुमारे 24 किमीवर. पाचवे गुरू अर्जन देव यांनी बांधवलेलं तिथलं सरोवर हरमंदिरच्या सरोवरापेक्षाही मोठं आहे. अमावास्या मात्र टाळा, त्या दिवशी तिथे जत्रा भरते.

खडूर हे दुसरे गुरू अंगद देव यांचं ठिकाण. त्यांच्या स्नानासाठी अमरदास उतारवयातही रोज पहाटे बियासचं पाणी वाहून आणत. एकदा अंधारात ते विणकराच्या मागाच्या खुंटीला अडखळले, अशी परंपरा सांगते. ती जागा गुरुद्वाऱ्यात दाखवतात. ती आधी पाहा, मग गोइंदवालला जा. तिथली 84 पायऱ्यांची बावडी (विहीर) याच अमरदासांची, तोवर ते तिसरे गुरू झाले होते. आपल्याकडच्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींचाच हा आकडा. नेम करणारे प्रत्येक पायरीवर एकदा ‘जपुजी’ ही गुरू नानकांची प्रार्थना म्हणतात आणि दरवेळी खाली जाऊन स्नान करतात. एका पाठाला वीस मिनिटं धरली तरी नुसत्या पाठांचे 28 तास होतात! तुम्ही एकदाच उतरा, पण कडेकडेने. पायऱ्या ओल्या असतात आणि मध्येच थांबून फोटो काढणारा सगळ्यांच्या वाटेत येतो.

दुसरा दिवस घुमानचा, गुरदासपूर जिल्ह्यातल्या. मराठी माणसाने हे चुकवू नये, असं माझं ठाम मत. संत नामदेवांचं पंजाबातलं वास्तव्य इथलं. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, त्यामुळे कीर्तनात ‘बीठल’ कानावर पडला तर दचकू नका. 2015 चं 88वं साहित्य संमेलन इथेच भरलं होतं. इथल्या गुरुद्वारा दरबार साहिबाबरोबर जवळचं तपियाना साहिबही पाहा. गर्दीतला मेळा हवा असेल तर पंजाबी सौर माघ महिन्याची 2 तारीख, म्हणजे जानेवारीचा मध्य.

डेरा बाबा नानकहून पाकिस्तानातल्या करतारपूर साहिबला जाणारा मार्ग मे 2025 मध्ये बंद झाला. सद्यस्थिती तपासल्याशिवाय तो बेतात धरू नका.

डोक्याला मोठा रुमाल बांधा, कॅप चालत नाही. तंबाखूची पुडी खोलीवरच ठेवा. चपला जोडाघरात देऊन टोकन घ्या. लंगरमध्ये पोळी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची असते. हवी तितकी मागा, पण ताटात टाकू नका.