केमिकल नंतर बदल, आधी टाकीतलं पाणी बघ

तुझा मेसेज वाचला. सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यातल्या गंज-चाचणीत, तुझे ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियमचे पीस पांढरे पडले, कडेला पिटिंग (गंजाचे बारीक खड्डे) आलं, आणि आता थरातली भोकं बुजवायचं गरम पाण्याचं सीलिंग सोडून निकेल ॲसिटेटच्या सीलिंगवर जाऊ की कमी तापमानाचं कोल्ड सीलिंग करू असं विचारतोयस. अरे पण एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये पाण्याबद्दल एक ओळ नाही! आधी पाणी बघ.

ॲनोडायझिंगने चढलेल्या ऑक्साइडच्या थरातली बारीक भोकं गरम पाण्यात बोहमाइट (पाणी धरलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड) तयार होऊन बुजतात, हे तुला माहितीये. पण त्यासाठी टाकी 96 डिग्रीच्या वर हवी, पीएच 5.5 ते 6.5, आणि दर मायक्रॉनला साधारण 3 मिनिटं. म्हणजे 20 मायक्रॉनला तासभर. जॉब टाकीत सोडल्यावर टेम्परेचर पडलं तर ते परत चढल्यावरच घड्याळ लाव. आणि पाण्यात सिलिकेट नाहीतर फॉस्फेट नुसतं काही पीपीएम आलं तरी सीलिंग अर्धवट राहतं, वरून पीस मस्त दिसतो आणि आत भोकं उघडीच. सीलिंगआधीची रिन्स (पाण्यातली धुलाई) घाईत उरकली की भोकांत अडकलेलं ॲनोडायझिंगचं ॲसिड सीलिंगच्या टाकीत उतरतं, पीएच घसरतो. म्हणून परत सांगतो, पाणी बघ.

निकेल ॲसिटेट चांगलंच आहे, 80-90 डिग्रीला भागतं, डाय केलेल्या (रंगवलेल्या) जॉबला तर मीही तेच सांगेन. पण हीच रिन्स घेऊन तिकडे गेलास तर तिकडेही पीएच घसरणारच ना? डायक्रोमेटचं सीलिंग गंज छान रोखतं, पण त्यातल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमने कॅन्सर होतो, तो विषय माझ्यापुरता बंद. शिवाय तुझा अलॉय 2024, म्हणजे तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम, त्यातले तांब्याचे कण ॲनोडायझिंगमध्येच विरघळून थरात पोकळ्या सोडतात, त्याच्याकडून कमी तांब्याच्या 6061 अलॉयसारखा रिझल्ट मागू नकोस.

सॉल्ट स्प्रेच्या रिपोर्टची वाट बघत बसू नकोस. प्रत्येक लॉटमधला एक पीस घे, ॲसिडचा थेंब, पुसून डायचा थेंब, मग चोळून धू. डाग राहिला तर सील झालेलं नाही, कोणी काहीही म्हणो.

या हट्टापायी मी डिस्पॅच अडवलेत, जवळची माणसं तुटली, त्याचं आजही वाईट वाटतं. पण कच्चं सील आपल्या दारात कळत नाही, महिन्यांनी तो पार्ट वापरणाऱ्याला कळतं, मग मी नमायचं कशाला?

पीएच, सिलिकेट आणि शेवटच्या रिन्सची कंडक्टिव्हिटी उद्या मोजून पाठव, निकेल ॲसिटेटचं त्यानंतर बोलू.